थारवर हार्डटॉप बसवायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुम्ही चिपळूणला राहता, २०१६ ची महिंद्र थार सीआरडीई (डिझेल जीप) आहे, सॉफ्टटॉप, म्हणजे कापडी हूडची. दोन पावसाळे हूडच्या फडफडाटात आणि मांडीवर टपकणाऱ्या पाण्यात काढलेत. आता आईंना घेऊन दर पंधरवड्याला घाट चढून कऱ्हाडला जावं लागतं, त्यांचं वय ७४, म्हणून हार्डटॉप, म्हणजे ताठ छप्पर, करायचा ठरवलाय. गावातला वेल्डर चौकोनी पाइप आणि पत्र्याचं छप्पर करून देतो म्हणतो. दुसरा एक जण तयार फायबरचा टॉप आणून एका दिवसात बसवून देतो म्हणतो. कोणाकडे जावं, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर: फायबर घ्या, पण एका दिवसात बसवून घेऊ नका. आणि दोघांपैकी कोणालाही इसार देण्याआधी घरातून आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) काढून वाचा.

आरसीवर बॉडीच्या प्रकारासमोर सॉफ्टटॉप लिहिलेलं असेल, तर हार्डटॉप हा नुसता ॲक्सेसरीचा विषय राहत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं आणि नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दंडापेक्षा मला जास्त काळजी विम्याची वाटते. घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने आरसी आणि गाडी शेजारी ठेवून पाहिली, तर क्लेम तिथेच अडकतो.

म्हणून टॉप विकणाऱ्याकडे त्याची चाचणी किंवा मंजुरी झाल्याचा कागद आहे का ते विचारा. असेल तर त्याची प्रत लावून आरटीओकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परवानगी मिळाली तर काम झाल्यापासून १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं संमतीपत्र. विमा कंपनीला पत्र द्या, त्याचीही पोच ठेवा. परवानगी नाही मिळाली तर बसवू नका. मी अशी गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत आणि तुम्ही आलात तर तुम्हालाही पाठवीन. त्या परिस्थितीत दोन वाटा राहतात: जाड कापडाचा नवा हूड शिवून त्याच्या शिवणी आतून सील करून घेणं, किंवा २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारपैकी कंपनीतूनच हार्डटॉप असलेली गाडी बघणं. आईंसाठी दुसरी वाट खरोखर बरी आहे.

आता काम होणार आहे असं धरून पुढचं सांगतो. गेली २२ वर्षं मी जीपच्या बॉड्या करतोय आणि या कामात लोकांचे पैसे वाया जातात ते एकाच गैरसमजामुळे. हार्डटॉप म्हणजे डब्यावरचं झाकण, बसवलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं.

तुमची थार ज्या घराण्यातली आहे ते बघा. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जुळवायला घेतली, पुढे सीजे-३बी, मग एमएम ५४०, आणि २०१० मध्ये थार. या सगळ्या गाड्यांचा सांगाडा एकच: खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर रबरी बुशांवर बसलेला उघडा टब, म्हणजे बॉडीचा खालचा भाग. छपराने काही पेलायचं अशी कल्पनाच त्यात नाही. एक चाक दगडावर चढलं आणि तिरकं समोरचं चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते, तिच्याबरोबर टब थोडा पिळतो, विंडशिल्डची फ्रेम एका कोपऱ्यातून वर जाते. कापडी हूडला त्याचं काही वाटत नाही, तो सुरकुततो आणि परत ताणला जातो. तिथे तुम्ही एक ताठ पेटी करकचून आवळली की तो सगळा पीळ कुठून तरी बाहेर पडणार. बहुतेक वेळा तो विंडशिल्डच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००६ मध्ये एका एमएम ५४०वर मी १८ गेज पत्र्याचं छप्पर केलं होतं. चारही बाजूंनी पाइपची फ्रेम, फ्रेमला पत्रा वेल्ड, आणि फ्रेम टबच्या कडेवर बोल्टांनी घट्ट. गाडी उभी असताना इतकी मजबूत वाटायची की मला अभिमान होता. ती वेल्ह्याकडे शेतावर जायची, शेवटचे ३ किलोमीटर नुसते दगड. सहा महिन्यांत डाव्या कोपऱ्यातला वेल्ड सुटला आणि पुढची काच त्याच कोपऱ्यातून तडकली. मी दोन्ही माझ्या खर्चाने बदलून दिलं. त्यानंतर मी एकही छप्पर टबला थेट आवळलेलं नाही.

आता पत्रा की फायबर. इथे वजनाबद्दल बरंच ऐकायला मिळतं, म्हणून हिशेबच मांडतो. छप्पर, दोन्ही बाजू आणि मागचा भाग मिळून साधारण ५ चौरस मीटर होतात. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ एमएमचा पत्रा, चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, म्हणजे ४७ किलो. त्याला २५ एमएमचा चौकोनी पाइप १५ मीटर तरी लागतो, त्याचे २० किलो. काचा १८ ते २० किलो. नव्वदीच्या घरात गेलो. फायबरचं ४ एमएम जाडीचं कवच चौरस मीटरला ६ किलो, म्हणजे ३० किलो, काचा तेवढ्याच, बिजागऱ्या आणि बोल्टांसकट ६० किलोपर्यंत थांबतं. फरक ३० किलोचा, पण तो गाडीच्या डोक्यावर आहे. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर तो कळतो. शिवाय तुमच्याकडे खाडीची हवा. पत्र्याच्या छपरात पाइपच्या आत पेंट पोचत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात आतून फुगवटे येतात. बाहेरून दिसतात तेव्हा पाइप अर्धा खाल्लेला असतो.

फायबरमध्येही फसवणूक असते, म्हणून माल घ्यायला स्वतः जा आणि जाताना टॉर्च न्या. पेंट न केलेला टॉप मागा. पेंट केलेलाच देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, कारण पुट्टीखाली काय आहे ते कळत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉप उभा करून मागून टॉर्च लावा. चांगल्या कामात उजेड सगळीकडे सारखा पाझरतो. जिथे एकदम लख्ख दिसतं तिथे मॅट (काचतंतूंचं कापड) कमी पडली आहे, जिथे गोल गोल पांढरे ठिपके दिसतात तिथे हवा अडकली आहे. मग एक रुपयाचं नाणं घेऊन कडेने टकटक करत जा. भरीव फायबर खणखणीत वाजतं, पोकळ जागा बद्द वाजते. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ एमएम जाडी देतो, म्हणजे ४ एमएमला चार थर हवेत. कारागिराला तोंडावर विचारा किती थर दिलेत, आणि खिडकीच्या कापलेल्या कडेवर मोजून बघा, तिथे जाडी लपवता येत नाही. छपराला आतून आडव्या पट्ट्या हव्यात, फोम भरून वर मॅट चढवलेल्या. त्या नसतील तर ८० च्या वेगाला छप्पर ढोलासारखं घुमतं. आणि नाक लावून बघा. रेझिनचा (फायबर घट्ट करणाऱ्या रसायनाचा) उग्र वास अजून मारत असेल तर माल नीट पिकलेला नाही, उन्हात तो वाकेल.

बोल्ट जिथे बसणार तिथे फायबरच्या आत लोखंडी पट्टी गाडलेली आहे का ते विचारा. नुसत्या फायबरला भोक पाडून बोल्ट लावला तर वर्षभरात भोक लांबट होतं. पत्र्याचे स्क्रू लावतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आता जोड. सगळं काम इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

टॉप आणण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन टबखालचे बॉडी बुश बघा. दहा वर्षांच्या गाडीत मागचे दोन तरी दबलेले असतात. ते तसेच ठेवून टॉप बसवला तर तुम्ही वाकड्या टबला सरळ टॉप जुळवताय. आधी बुश बदला, चार दिवस गाडी चालवा, टब बसू द्या. मग हूड आणि त्याच्या कमानी काढा, टबची कडा साफ करा, जिथे गंज असेल तिथे खरवडून प्रायमर मारा.

टब आणि टॉपच्या मध्ये पोकळ रबर बीडिंग लागतं, ईपीडीएम जातीचं, ज्याचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा असतो. १५ एमएम उंचीचं घ्या. ते बसवल्यावर १० एमएमवर आलं पाहिजे, म्हणजे एक तृतीयांश दाब. कमी दाबलं तर पाणी येतं, पूर्ण चेपलं तर दोन उन्हाळ्यांत ते पापडासारखं मरतं. हा दाब कारागिराच्या हाताच्या जोरावर सोडायचा नाही, तो लोखंडी नळीने ठरवायचा. प्रत्येक बोल्टभोवती लोखंडी नळीचा तुकडा येतो. खालचं अंतर १० एमएम, टॉपच्या ओठाची (बोल्ट बसतो त्या कडेची) जाडी ५ आणि वरचा रबरी वॉशर दाबून २, म्हणजे नळीची उंची १७ एमएम. ८ एमएमचा बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, टॉपवर नाही. टॉपच्या ओठातलं भोक नळीपेक्षा २ एमएम मोठं ठेवायचं. आता टब पिळला की टॉप खालच्या-वरच्या रबरांच्या मध्ये किंचित सरकतो, आणि कुठेच धातू फायबरला रेटत नाही. नट नायलॉनवाले, नाहीतर खडीच्या रस्त्यावर सुटतात.

पुढच्या बाजूला, विंडशिल्डच्या फ्रेमवर, वेगळा नियम. तिथे वारा आणि पाणी दोन्ही समोरून दाबून येतात, म्हणून रबराचे दोन पदर द्या आणि टॉपचा ओठ फ्रेमच्या पुढे १५ ते २० एमएम खाली उतरलेला हवा, घराच्या पत्र्याला पागोळी असते तसा. हा ओठ नसलेला टॉप घेऊ नका. रबर कितीही चांगलं असो, ताम्हिणी घाटात जुलैचा पाऊस ८० च्या वेगाने समोरून आला की नुसत्या रबरावर तो थांबत नाही.

रबर सगळीकडे टेकलंय का हे डोळ्यांनी कळत नाही. आम्ही टबच्या कडेवर खडू घासतो, रबर लावलेला टॉप वर ठेवतो, बोल्ट आवळतो, पुन्हा काढतो. रबरावर पांढरी रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे टब खोलगट आहे. तिथे रबराखाली पातळ पट्टी देऊन उंची भरायची आणि पुन्हा खडू. एका गाडीला हे तीन-चार वेळा करावं लागतं, आणि म्हणूनच एका दिवसात काम होत नाही. घाई असलेला माणूस त्या फटीत सिलिकॉन भरतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर लोखंडाच्या जवळ नकोच, त्याखाली गंज धरतो, आणि टॉप पुन्हा काढायचा झाला तर पेंट सोलून निघतो.

दारांचा विचार बहुतेक जण विसरतात. तुमच्या दारांच्या वरच्या भागात झिपचं प्लॅस्टिक आहे. वर ताठ टॉप आणि बाजूला लुळं प्लॅस्टिक असं केलं तर सगळं पाणी दारातूनच येईल. त्यामुळे दाराचे वरचे भाग सरकत्या काचेचे घ्यावे लागतात, आणि ते टॉपच्याच कारागिराकडून, त्याच साच्यातले. काच टफन्ड हवी, कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ कोरलेलं असलं पाहिजे. ॲक्रिलिक स्वस्त पडतं पण वायपर किंवा धुळीच्या फडक्याने वर्षात धुरकट होतं, आणि ते सेफ्टी ग्लासच्या नियमात बसत नाही. काळी काच मागू नका: मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. मागच्या काचेला वायपर मात्र जरूर घ्या, चिखलात त्याशिवाय काही दिसत नाही.

मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर गॅस शॉकर त्या दरवाजाच्या वजनाला धरून घ्यावे लागतात. फाळक्यावर (मागच्या खालच्या झडपेवर) स्टेपनी टांगलेली असेल, तर ती हलते तेव्हा फाळका हलतो आणि वरच्या काचेचं रबर दर खड्ड्याला घासतं. फाळक्याच्या दोन्ही कुलपांतला ढिलेपणा आधी काढून घ्या.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. बंद बॉडीची गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा आत ओढली जाते. मागच्या रबराला फट राहिली तर सायलेन्सरचा धूर थेट मागच्या सीटवर येतो. उघड्या जीपमध्ये तो वाऱ्याबरोबर निघून जायचा, हार्डटॉपमध्ये तो कोंडतो. आई मागे बसणार आहेत. मागच्या जोडाला खडू दोनदा लावायला सांगा, आणि सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या कडेबाहेर जातंय ना ते बघा.

आतून अस्तर हवंच, नाहीतर एसी चालू असताना पावसात छताला घाम फुटतो आणि थेंब गळतात. लोक मग गळतंय म्हणून भांडायला येतात. १० एमएमचा बंद पेशींचा फोम चिकटवा. नमदा किंवा तागाचं काही लावू नका, ते पाणी पितं आणि कुबट वास मारतं.

दोन गोष्टी हार्डटॉप करत नाही. तो उलटल्यावर वाचवत नाही, फायबर फुटतं. संरक्षण हवं तर चासीपर्यंत उतरणारा पिंजरा हा वेगळा विषय आहे आणि त्यालाही वेगळी परवानगी. आणि तो ओझं पेलत नाही. वर कॅरियर लावून आंब्याच्या पेट्या न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. मागच्या बाजूच्या सीट वळवून समोर तोंड करून देतो, असंही कोणीतरी सुचवेल. पट्ट्याचा आधार कुठे वेल्ड केलाय यावर अपघातात जीव अवलंबून असतो, ते काम डेंटरच्या हातात देऊ नका.

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दोन परीक्षा तुमच्यासमोर करून घ्या. पहिली: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक वीतभर उंचीच्या दगडावर किंवा रॅम्पवर चढवा आणि त्या अवस्थेत दोन्ही दारं आणि मागचा दरवाजा उघडून बंद करा. अडकलं किंवा करकरलं तर जोड फार घट्ट आहे. मग उलटी जोडी चढवून पुन्हा तेच. दुसरी पाण्याची. नळी आधी खालच्या जोडावर धरायची, मग हळूहळू वर, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे उतरतं आणि गळती नेमकी कुठून ते कळत नाही. त्या वेळी तुम्ही आत बसा, टॉर्च घेऊन, ड्रायव्हरच्या सीटवर नाही तर आई बसतात त्या मागच्या जागेवर.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासून घ्या, रबर थोडं बसतं. जुना हूड टाकून देऊ नका. धुऊन पूर्ण वाळवून, प्लॅस्टिकच्या खिडक्यांवर सुती चादर घालून गुंडाळून ठेवा. घडी घातली तर खिडक्यांना तडे जातात. कमानी आणि त्यांचे बोल्ट एका गोणीत, चिठ्ठी लावून. आणि बजेटमध्ये थोडे पैसे उरले तर मागच्या दाराशी एक रुंद पायरी आणि आत धरायला एक मजबूत दांडी लावून घ्या. हूड होता तेव्हा आई वरच्या कमानीला धरून चढत असतील, ती कमान आता तिथे नसेल.